सामाजिक संशोधन पद्धतींचे शिक्षण (गोवा)

माणसांविषयीची माहिती कशी गोळा करावी, ती कशी पारखावी आणि तिच्या आधारावर किती बोलावे, हे शिकवणारा समाजविज्ञानांतला विषय. त्याचे दोन भाग पाडण्याची रूढी आहे : मोजणीवर चालणारी संख्यात्मक पद्धत आणि ऐकण्या-पाहण्यावर चालणारी गुणात्मक पद्धत. गोव्यात समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजकार्य या विषयांच्या पदव्युत्तर वर्गांत आणि पीएच.डी.च्या पूर्वतयारीत तो शिकवला जातो. पाठ्यपुस्तकात हे दोन भाग दोन प्रकरणांत स्वतंत्र नांदतात. गोव्याच्या ३,७०२ चौ. किमी. प्रदेशात मात्र विद्यार्थी पहिल्यांदा वाड्यावर (गावातल्या वस्तीवर) गेला की ती प्रकरणे एकमेकांत मिसळतात. इथे एक साधा रकाना भरायचा तरी आधी लोक त्या गोष्टीला काय म्हणतात हे कळावे लागते.

मातृभाषेचा रकाना

याचे सर्वांत बोलके उदाहरण भाषेचे. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या १४,५८,५४५. त्यात मातृभाषा कोकणी सांगणारे सुमारे ६६ टक्के आणि मराठी सांगणारे सुमारे ११ टक्के. आकडे बरोबर आहेत, पण ते नेमके कशाचे आहेत? फोंड्याकडचे एखादे हिंदू घर घ्या. चुलीपाशी बोलणे कोकणी. सकाळचे वर्तमानपत्र मराठी, आरती मराठी, जत्रेतले नाटक मराठी, लग्नपत्रिका मराठी. मुलांचा गृहपाठ इंग्रजी आणि भाडेकरूशी बोलणे हिंदीत. या घरात प्रश्नावली घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याने ‘मातृभाषा?’ एवढेच विचारले, तर घरातला माणूस आधी विचारणाऱ्याकडे बघतो. याला कोणते उत्तर हवे आहे, याचा तो अंदाज घेतो. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या वापरालाही वाव राहिला. त्याआधीच्या आंदोलनांची आठवण अजून ताजी असल्याने हा प्रश्न इथे निव्वळ माहितीचा राहत नाही.

जाणता मार्गदर्शक असा प्रश्न फोडायला लावतो : आईशी कोणत्या भाषेत बोलता, दुकानात कोणत्या, देवळात कोणत्या, वाचता काय, मोबाइलवर लिहिता कोणत्या लिपीत. एका रकान्याचे पाच होतात. संकल्पनेला मोजता येईल असे रूप देण्याच्या या कामाला कार्यकारी व्याख्या म्हणतात. ते पाच प्रश्न कोणते असावेत हे कोणतेही सूत्र सांगत नाही. त्यासाठी देवळाच्या सभामंडपात चार संध्याकाळी बसावे लागते. म्हणजे मोजणीच्या आधीचे काम गुणात्मकच असते. अभ्यासक्रमात मात्र ते बहुधा मोजणीनंतर शिकवतात, आणि इथेच बऱ्याच प्रबंधांचे नुकसान होते असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

‘कुटुंब’ या शब्दाचेही असेच. जनगणनेच्या दृष्टीने एका चुलीवर जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब. गोव्यातल्या जुन्या राजांगणाच्या (मधल्या चौकाच्या) घरात तीन भाऊ, तीन चुली आणि चौथ्या खोलीला कुलूप, कारण चौथा भाऊ मुंबईत. जूनमध्ये गेलात तर तीन कुटुंबे आणि एक बंद खोली. चवथीला गेलात तर कुलूप निघालेले, माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट) बांधलेली, गणपती एक आणि त्या दिवसांपुरती चूलही एक. सासष्टीत किंवा बार्देशात अशीच कुलपे आखातात, पोर्तुगालात, इंग्लंडात गेलेल्यांच्या घरांना दिसतात. पाहणी कोणत्या महिन्यात केली हे प्रबंधात लिहायचे असते, ते यासाठी.

शितावरून भाताची परीक्षा

संख्यात्मक पद्धतीत विद्यार्थ्याला सर्वांत अवघड जाते ती नमुना निवड. गणित त्या मानाने सोपे. ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के चुकीची मुभा धरली, तर १.९६ चा वर्ग, गुणिले ०.५, गुणिले ०.५, भागिले ०.०५ चा वर्ग. उत्तर ३८४. साऱ्या गोव्यासाठी ३८४, दहा हजार वस्तीसाठी ३७० आणि दोन हजारांच्या गावासाठी ३२२. गाव लहान म्हणून नमुना त्याच प्रमाणात लहान होत नाही आणि राज्य मोठे म्हणून वाढत नाही, हे वर्गात कोणालाच पटत नाही. शितावरून भाताची परीक्षा करताना टोप केवढा हे आपण बघत नाही, हे आठवून दिले की थोडे पटते.

पण ती म्हण भात सगळीकडे सारखा शिजला आहे असे धरून चालते. तळाला करपला आणि वर कच्चा राहिला असेल, तर एका शिताने काय कळणार? किनाऱ्यावरचे कळंगूट आणि सह्याद्रीच्या पायथ्याचे सत्तरीतले गाव एकाच टोपातले असले तरी शिजले वेगवेगळे. म्हणून आधी थर पाडायचे (किनारपट्टी, खाणपट्टा, शहर, डोंगरी भाग) आणि प्रत्येकातून यदृच्छेने निवडायचे. याला स्तरित नमुना म्हणतात. ३८४ हा आकडा साध्या यादृच्छिक निवडीचा आहे. तीन गावे हेरून, जो भेटेल त्याच्याकडून अर्ज भरून घेऊन ३८४ ची बेरीज जुळवली, तर त्या बेरजेला काही अर्थ नाही. असे प्रबंध दुर्मिळ नाहीत.

यादृच्छिक निवडीला यादी लागते. हाताशी असते ती मतदार यादी. तिच्यात वर्षानुवर्षे परदेशी असलेल्यांची नावे सापडतात, आणि कर्नाटक, बिहार, ओडिशातून येऊन भाड्याच्या खोलीत राहणारा बांधकाम मजूर बहुधा सापडत नाही. २०२१ ची जनगणना लांबल्याने दुसरा आधारही जुना झाला. मग पंचायतीचे घरक्रमांक घेऊन, वाडे पायी फिरून यादी स्वतः करायची. हे काम आठवडा खाते. दुपारी एक ते चार दार वाजवू नये हा नियम कोणत्याही पुस्तकात नाही, पण गोव्यात पहिल्याच दिवशी पाठ होतो.

पाच पायऱ्यांची सहमती-मापनश्रेणी, जी रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडली, तीही इथे अडखळते. ‘पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ...’ असे वाचून दाखवले की म्हातारी हसते आणि ‘आमकां कितें खबर?’ म्हणते. हे ‘तटस्थ’ नव्हे, ‘माहीत नाही’ही नव्हे. बऱ्याचदा तो विषय टाळण्याचा सभ्य मार्ग असतो. त्याला कोणता अंक द्यायचा हे पथदर्शी पाहणीतच (मुख्य पाहणीआधीच्या छोट्या चाचणीत) ठरवून घ्यावे लागते.

ऐकणे आणि संकेतन

गुणात्मक पद्धतीत दीर्घ मुलाखत, गटचर्चा, सहभागी निरीक्षण, व्यष्टी अध्ययन (एकाच व्यक्तीचा किंवा घटनेचा सखोल अभ्यास) आणि कागदपत्रांचे वाचन येते. लांबून सोपी दिसते म्हणून आकडेमोडीला भ्यालेले विद्यार्थी इकडे वळतात आणि ध्वनिमुद्रण उतरवून काढताना पस्तावतात. तासाभराच्या बोलण्याला पाच-सहा तास सहज जातात. त्यात मुलाखत कोकणीत, टिपणे मराठीत आणि प्रबंध इंग्रजीत असला, तर एकच वाक्य दोनदा भाषांतरित होते. मूळ शब्द जपून ठेवण्याचा आग्रह यासाठीच असतो : ‘मुंडकार’ला भाडेकरू म्हटले की भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीतले त्याचे घर, त्यासाठी केलेले कष्ट आणि १९७५ चा मुंडकार कायदा, सगळेच गळून पडते.

संकेतन, म्हणजे बोलण्याच्या तुकड्यांना अर्थाची नावे देणे, कसे होते ते एका कल्पित वाक्यावर पाहू. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने गोव्यातले खाणकाम थांबले, पुढे अटींवर सुरू झाले आणि २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्टे रद्द झाल्यावर पुन्हा थांबले. समजा, डिचोलीचा एक ट्रकमालक सांगतो, ‘ट्रक दारांत उबो आसलो, ताचेर वाल चडली, पूण हांव ती काडूंक ना.’ दारातल्या ट्रकवर वेल चढली, पण मी ती काढली नाही. पहिल्या वाचनात संकेत पडतो ‘उत्पन्न बंद’. दुसऱ्या वाचनात ‘दारात’ हा शब्द खुपतो : ट्रक सगळ्यांना दिसतो आहे. संकेत ‘लोकलाज’. तिसऱ्यांदा ‘काडूंक ना’ याच्यापाशी थांबावे लागते. आळस, राग, की खाण परत सुरू होईल ही आशा? हे त्यालाच पुन्हा जाऊन विचारावे लागते. थकलेल्या हप्त्यांची संख्या बँकेच्या तक्त्यातून मिळेल. वेल का काढली नाही, ते मिळणार नाही. उलट, अशी वेल किती दारांत चढली हे एका मुलाखतीवरून सांगण्याचा मोहही आवरायला हवा.

परंपरा

क्षेत्रकार्याची, म्हणजे लोकांत राहून अभ्यास करण्याची, आधुनिक रीत मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की यांच्या ट्रोब्रिअंड बेटांवरच्या वास्तव्यापासून मोजतात. मुंबईत ती रुजवणारे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये (१८९३–१९८३) गोव्याच्या शेजारच्या मालवणचे. पण गोव्याला खरा अभिमान हवा तो दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांचा. जन्माने गोमंतकीय, व्यवसायाने गणिती. त्यांनी हजारो आहत (ठसे उमटवलेली प्राचीन) नाणी एकेक करून तोलली. नाणे जितका काळ हातोहात फिरते तितके झिजते, म्हणून एकाच ढिगातल्या नाण्यांच्या सरासरी वजनावरून आणि वजनांच्या विखुरण्यावरून त्यांचा क्रम लावता येतो, हा त्यांचा युक्तिवाद. आणि हाच माणूस पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवत गावदेवतांची ठाणी शोधत होता, धनगरांशी बोलत होता. काटा आणि पायपीट दोन्ही एकाच प्रश्नासाठी. गोवा विद्यापीठातल्या (स्थापना १९८५) समाजविज्ञान शाखेला आज त्यांचे नाव आहे.

वर्गात दोन्ही पद्धती एकत्र शिकवायला जनमत कौल चांगला उपयोगी पडतो. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या ‘फुला’ला १,३८,१७० आणि संघप्रदेश (केंद्रशासित प्रदेश) राहण्याच्या ‘दोन पानां’ना १,७२,१९१ मते पडली. फरक ३४,०२१. पेडणे, डिचोली, सत्तरी फुलाकडे. सासष्टी दोन पानांकडे. इथे विद्यार्थी हमखास घसरतो आणि ‘या तालुक्यात अमुक समाज जास्त, म्हणजे त्या समाजाच्या प्रत्येकाने असे मत दिले’ असे लिहून मोकळा होतो. गटाच्या आकड्यावरून व्यक्तीबद्दल बोलण्याची ही चूक डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये दाखवून दिली होती. मत गुप्त होते, त्यामुळे तालुक्याच्या बेरजेतून माणूस काढता येत नाही. त्यासाठी मतदाराशीच बोलावे लागते, आणि तेव्हा एकवीस वर्षे पूर्ण केलेला मतदार आज ऐंशीच्या घरात किंवा त्यापुढे आहे. शिवाय जवळजवळ साठ वर्षांनी सांगितलेले कारण तेव्हाचे की नंतर जुळवलेले, हे तपासायला त्या काळची वर्तमानपत्रे वाचावी लागतात. तीन बाजूंनी तपासण्याच्या या रीतीला त्रिकोणीकरण म्हणतात.

परिभाषा

मराठीतून हा विषय शिकताना ‘गृहीतक’ हा शब्द सर्वांत छळतो, कारण तपासायचे विधान आणि तपासाविनाच धरून चाललेली गोष्ट, दोन्हींना तो लावतात. पहिल्यासाठी ‘अभ्युपगम’ आहे, पण वर्गात तो कोणी उच्चारत नाही. ‘हायपोथिसिस’ म्हणून सगळे पुढे जातात. ‘लक्षणीय’ हा दुसरा. संख्याशास्त्रात त्याचा अर्थ, प्रत्यक्षात फरक नसता तर एवढा फरक निव्वळ योगायोगाने क्वचितच दिसला असता, इतकाच. फरक मोठा किंवा महत्त्वाचा आहे असे त्यातून निघत नाही.

गोपनीयता

प्रबंधात माहिती देणाऱ्याचे नाव बदलतात. गोव्यात तेवढे पुरत नाही. ‘क्ष या बाई, वय ५२, पंच, खाजनातल्या मानशीचा लिलाव घेतलेल्या’ (खाजन म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली जमीन, मानशी म्हणजे तिथले पाण्याचे दार) असे लिहिले की त्या तालुक्यातला निम्मा वाचक नाव सांगेल आणि उरलेला निम्मा त्यांचा नातेवाईक निघेल. म्हणून वय दशकात देतात, गावाऐवजी ‘नदीकाठचे एक गाव’ लिहितात, आणि अर्थ बिघडत नसेल तर व्यवसायही गाळतात. छापण्यापूर्वी तो मजकूर त्या बाईंना वाचून दाखवायचा असतो, त्यांच्या भाषेत.