प्रयोगशाळेतील विच्छेदन आणि चेतासंस्थेचा अभ्यास : सोलापूरच्या महाविद्यालयांपुरती पार्श्वभूमी

सोलापुरात आज प्राणिशास्त्राची पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याने झुरळाचा चेतारज्जू, म्हणजे शरीरभर जाणाऱ्या चेतांचा (नसांचा) मुख्य धागा, विच्छेदन करून स्वतःच्या हाताने मोकळा केलेला नसतो. एका पिढीपूर्वी मात्र प्रात्यक्षिक परीक्षेत सर्वांत धास्ती वाटे ती याच प्रश्नाची.

चेतासंस्था समजून घेण्यासाठी प्राणी उघडून पाहण्याची रीत जुनी आहे. रोमन काळात डुकराच्या स्वरयंत्राकडे जाणारी चेता कापल्यावर त्याचा आवाज बंद होतो, हे लोकांसमोर दाखवले गेले होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत बेडकाच्या पायावरील प्रयोगांनी चेतांचा आणि विजेचा संबंध पुढे आणला. आपल्या वर्गांत रुळलेली पद्धत त्यामानाने अलीकडची, म्हणजे १८७०च्या दशकात लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात आकाराला आलेली आहे. प्रत्येक प्राणिगटाचा एक प्रतिनिधी निवडायचा आणि त्याची एकेक संस्था क्रमाने उलगडत जायची, असे तिचे स्वरूप होते.

१९६२ मध्ये कोल्हापूरला विद्यापीठ झाल्यावर सोलापूरची महाविद्यालये त्याला जोडली गेली आणि २००४ मध्ये सोलापूरला स्वतःचे विद्यापीठ मिळेपर्यंत अभ्यासक्रम तिकडूनच येत राहिला. गांडूळ, झुरळ, मुशी (लहान शार्क मासा) आणि बेडूक ही त्या काळातील प्रात्यक्षिकांची ओळखीची नावे होत. समुद्रापासून इतक्या दूरच्या या शहरात मुशी येई ती फॉर्मॅलिनमध्ये मुरलेली, आणि तिच्या कवटीची कूर्चा पातळ पापुद्र्यांत खरवडत कपालचेता, म्हणजे मेंदूतून थेट निघणाऱ्या चेता, उघड्या करताना डोळ्यांची आग होई.

झुरळाचे काम त्याहून नाजूक होते. क्लोरोफॉर्म दिलेले झुरळ मेणाच्या ट्रेमध्ये पाठ वर करून टाचण्यांनी बसवायचे, पंख छाटायचे, पाठीची कवचे कडेने कापून उचलायची आणि ट्रेमध्ये पाणी भरून चरबीचे पुंजके व आतडे चिमट्याने हळूहळू बाजूला करायचे. चेतारज्जू सर्वांत खाली, पोटाच्या बाजूला असतो आणि चरबीही त्याच्यासारखीच पांढरी असते, त्यामुळे चरबी ओढताना रज्जू तुटणे हे नेहमीचेच होते. छातीतील तीन आणि पोटातील सहा अशा नऊ गुच्छिका, म्हणजे आपापल्या भागाचे काम चालवणाऱ्या चेतापेशींच्या गाठी, सलग हाती लागल्या की खालून काळ्या कागदाची पट्टी सरकवली जाई आणि तो दुपदरी धागा उठून दिसे. बऱ्याच विद्यार्थ्यांच्या जर्नलमधील आकृती भिंतीवरच्या तक्त्यावरून उतरवलेली असे, हेही मान्य करायला हवे. परंतु ज्याने तो धागा एकदा अखंड काढला, त्याला डोके कापलेले झुरळ काही दिवस कसे जगते हे वेगळे समजावून सांगावे लागत नसे.

बेडकाची बाजू निराळी होती. १९८७ मध्ये बेडकाच्या पायांची निर्यात देशाने थांबवली, त्यामागे शेतातील किडींवर ताव मारणारा हा प्राणी भरमसाट पकडला जात असल्याची चिंता होती. प्रयोगशाळांसाठीही बेडूक निसर्गातूनच पकडले जात, तेव्हा ते थांबायलाच हवे होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

खरा वाद महाविद्यालयांतील विच्छेदन थांबवण्याच्या २०११ ते २०१४ या काळातील निर्णयाचा आहे. त्याचे बीज १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात होते. पुस्तके, प्रतिकृती किंवा चित्रफिती तितक्याच पुरेशा ठरत असतील, तर महाविद्यालयांतील प्राण्यांवरचे प्रयोग शक्यतो टाळावेत, असे त्यात म्हटले आहे. अर्ध्या शतकानंतर, २०११ मध्ये, उच्च शिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेने मार्गदर्शक सूचना काढल्या. पदवीच्या विद्यार्थ्यांनी विच्छेदन करू नये, शक्यतो एकाच जातीचे प्रात्यक्षिक शिक्षकांनी दाखवावे आणि पदव्युत्तर वर्गांना विच्छेदन किंवा प्रकल्प यांतून निवड करता यावी, असा तो मध्यममार्ग होता. २०१४ मध्ये तोही गेला आणि विच्छेदन सरसकट थांबले.

‘तितक्याच पुरेशा’ या शब्दांवरच सारे अडते. पचनसंस्था संगणकाच्या पडद्यावर बऱ्यापैकी कळते, कारण तिचे अवयव मोठे आणि वेगवेगळ्या आकारांचे असतात. चेता मात्र आसपासच्या ऊतींत गुंतलेली असते, आणि ती त्यांतून सोडवणे हाच तिच्या अभ्यासाचा गाभा आहे. पडद्यावर ती आधीच पिवळ्या रंगात रंगवून, सुटी करून ठेवलेली असते. बेडकासाठी योग्य असलेला नियम घरोघरी मारल्या जाणाऱ्या झुरळालाही त्याच मापाने लावताना एवढा विचार व्हायला हवा होता, असे मला वाटते.

‘विच्छेदन’ हा शब्दही गोंधळात भर घालतो. बोलण्यात शवविच्छेदन म्हणजे रुग्णालयातील पोस्टमॉर्टेम. शिक्षणात विच्छेदन म्हणजे शिकण्यासाठी देह उलगडणे. आणि निर्णयाच्या मुळाशी असलेली काळजी आहे ती शिकण्यासाठी जीव मारण्याची. मटणाच्या दुकानातून आणलेला बकऱ्याचा भेजा फॉर्मॅलिनमध्ये काही दिवस घट्ट होऊ दिला आणि मधोमध उभा कापला, तर अनुमस्तिष्कातील (मेंदूच्या मागच्या, लहान भागातील) झाडाच्या फांद्यांसारखी पांढरी रचना लख्ख दिसते. त्यासाठी वेगळा प्राणी मारलेला नसतो. मारणे आणि उलगडणे यांना एकच शब्द वापरल्यामुळे असा पर्याय सुचवतानाही शिक्षक कचरतात. शहरातील वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून चालू आहे. तेथील विद्यार्थी मानवी मेंदू आजही मृतदेहावरच शिकतात आणि त्याला १९४९च्या शरीरशास्त्र कायद्याचा आधार आहे.

विज्ञान महाविद्यालयांत आता तक्ते, प्रतिकृती, संगणकावरील आज्ञावली आणि २०१४ पूर्वीच्या बरण्या यांवर भागवले जाते. या बरण्यांतील मुशीच्या कपालचेतांवर कागदी चिठ्ठ्या खोवलेल्या टाचण्या अजून आहेत. फॉर्मॅलिन उडाले की ते पुन्हा भरावे लागते, आणि एखादी चेता गळून पडली तर तिच्या जागी नवी तयार करता येत नाही.