डस्ट बोल

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ग्रेट प्लेन्स या गवताळ मैदानांचा दक्षिण भाग. 1930 नंतरच्या दशकात अवर्षण आणि जमिनीला न मानवणारी मशागत यांमुळे येथे धुळीची विनाशक वादळे झाली. पश्चिम कॅन्सस, आग्नेय कोलोरॅडो, न्यू मेक्सिकोचा ईशान्य कोपरा आणि ओक्लाहोमा व टेक्ससमधील पॅनहँडल नावाचे पट्टे त्यात मोडतात. बाधित क्षेत्राची सीमा मात्र वर्षागणिक सरकत होती. हे नाव एप्रिल 1935 मध्ये रॉबर्ट गायगर या वार्ताहराच्या वृत्तामुळे रूढ झाले, असे सामान्यतः मानतात.

येथील पाऊस बेताचा व लहरी असून मूळच्या आखूड गवताच्या दाट मुळांनी माती बांधून ठेवली होती. 1862 च्या वसाहत कायद्याने कुटुंबाला 160 एकर जमीन मिळे. 1909 मध्ये कोरड्या भागासाठी ही मर्यादा 320 एकर झाली, तरी तेवढ्यातही भागणे कठीण होते. पहिल्या महायुद्धात गव्हाचे भाव चढले. पुढे ट्रॅक्टर व तव्यांचे नांगर आल्यावर गवताळ रान झपाट्याने गव्हाखाली आले. 1931 मध्ये पीक भरघोस आले, पण भाव कोसळले आणि पाठोपाठ पावसाने दगा दिला.

अवर्षणाने माती सुकते, पण तेवढ्याने ती उडत नाही; तिच्यावरचे आवरण आणि तिची ढेकळे नाहीशी व्हावी लागतात. तव्यांच्या नांगराने धसकटे गाडली जात आणि कोरड्या मातीचा भुगा होई. शरद ऋतूत पेरलेला गहू उगवला नाही, की वाऱ्याच्या ऐन हंगामात, म्हणजे वसंतात, रान उघडे पडे. वाऱ्याने होणाऱ्या धुपीत सुमारे 0.1 ते 0.5 मिमी व्यासाचे कण उड्या मारत पुढे जातात. ते आदळल्याने जड कण जमिनीलगत घरंगळतात आणि बारीक पोयटा व चिकणमाती सुटून हवेत तरंगू लागते. शेत वाऱ्याच्या दिशेने जितके लांब उघडे, तितका हा मारा वाढत जातो. म्हणून एका पडीक रानाची माती शेजारच्या सांभाळलेल्या शेतालाही गाडून टाकी. शिवाय सुपीकता असते ती मुख्यतः बारीक कणांत व सेंद्रिय द्रव्यात. नेमके तेच दूर निघून जाई. मे 1934 मधील वादळाची धूळ न्यूयॉर्क, वॉशिंग्टन व अटलांटिकमधील जहाजांपर्यंत पोहोचली. 14 एप्रिल 1935 चे वादळ ‘काळा रविवार’ म्हणून ओळखले जाते. उत्तरेकडून आलेल्या थंड हवेच्या आघाडीपुढे धुळीची भिंत चालून आली व भर दुपारी अंधार झाला. धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसदाहाने अनेक बळी घेतले.

कारणमीमांसेबाबत मतभेद आहेत. इतिहासकार जेम्स मलीन यांनी 1946 मध्ये एकोणिसाव्या शतकातील, म्हणजे मोठ्या नांगरटीपूर्वीच्या, वादळांच्या नोंदी पुढे आणून ही मैदानांची जुनी प्रकृती असल्याचे सुचविले. उलट इतिहासकार डोनाल्ड वूर्स्टर यांनी 1979 मध्ये नफ्यासाठी जमीन पिळणाऱ्या भांडवली शेतीला जबाबदार धरले. झेनेप हॅन्सन व गॅरी लिबकॅप या अर्थतज्ज्ञांच्या 2004 मधील विवेचनात लहान शेतांवर भर आहे: धूप रोखण्यासाठी एकट्याने शेतात पट्टे राखले, तर लाभ शेजाऱ्याला, खर्च मात्र स्वतःला, त्यामुळे कोणी पुढे येत नसे. हवामानशास्त्रीय प्रतिमाने उष्णकटिबंधीय पॅसिफिकच्या थंडाव्याकडे व अटलांटिकच्या उबेकडे बोट दाखवितात. तथापि 2009 मधील अभ्यासानुसार, उघडी जमीन व हवेतील धूळ धरल्याखेरीज या अवर्षणाची तीव्रता व उत्तरेकडील विस्तार जुळत नाही. उपलब्ध पुराव्याशी हेच अधिक सुसंगत दिसते.

मृदाशास्त्रज्ञ ह्यू बेनेट यांच्या पुढाकाराने 27 एप्रिल 1935 रोजी मृद्संधारण कायदा झाला. समपातळी नांगरट, पट्टा पद्धतीची पिके, धसकटे रानात ठेवणे आणि वातरोधक वृक्षपट्टे यांचा प्रसार झाला. अनेक कुटुंबे कॅलिफोर्नियाकडे गेली; त्यांपैकी बरीच वादळी पट्ट्याबाहेरच्या, पूर्व ओक्लाहोमासारख्या कापूस प्रदेशातील होती.

दशकाअखेरीस पाऊस परतला. दुसऱ्या महायुद्धातील चढ्या भावांनी पुन्हा नवी जमीन नांगराखाली आली आणि 1950 नंतरच्या अवर्षणात धूळ पुन्हा उडाली. त्यानंतर शेती ओगालाला या भूजलस्तरावर अधिकाधिक विसंबली; त्याच्या दक्षिण भागातील पाण्याची पातळी घटत आहे.