शंकू दिसला म्हणजे ज्वालामुखी नव्हे

ज्वालामुखीचे चित्र काढायला सांगितले, तर बरेच जण नकळत मॅटरहॉर्नसारखे काहीतरी काढतील. एकटे उभे, सगळीकडून निमुळते होत गेलेले शिखर. पण आल्प्समधला ४,४७८ मीटर उंचीचा हा डोंगर कधीच ज्वालामुखी नव्हता. हिमनद्यांनी त्याला निरनिराळ्या बाजूंनी कोरत नेले आणि मधे सुळका तेवढा उरला. याउलट ५,१९९ मीटर उंचीचा माउंट केनिया. त्याचा माथा इतका दातेरी आहे, की तिथे शंकूचा मागमूसही दिसत नाही. तरीही तो खराखुरा मृत ज्वालामुखी आहे. लाखो वर्षांत त्याचा मूळ शंकू झिजून गेला. शिलारस, म्हणजे पृथ्वीच्या पोटातला वितळलेला खडक, ज्या नळीतून वर येतो, तिच्यात तो बुचासारखा थिजला होता. तो कठीण होता, म्हणून टिकला. बाटियन आणि नेलिऑन ही त्याची सर्वांत उंच शिखरे म्हणजे ते बूच.

तेव्हा आकारावर विसंबू नये. डोंगराची खरी ओळख त्याच्या दगडात असते.

हे फार पूर्वी ज्याच्या लक्षात आले तो माणूस म्हणजे फ्रान्सचा निसर्गअभ्यासक ज्याँ-एतिएन गेतार. १७५१ साली मध्य फ्रान्समधून प्रवास करताना त्याला बांधकामात वापरलेला काळा, सच्छिद्र दगड दिसला. हा दगड येतो कुठून याचा माग काढत तो व्होल्व्हिकच्या खाणींपर्यंत आणि तिथून प्वी द दोमच्या परिसरातल्या डोंगरांपर्यंत पोचला. तिथे त्याला विवरे दिसली, थिजलेल्या लाव्ह्याचे प्रवाह दिसले. पिढ्यान् पिढ्या माणसे ज्या डोंगरांच्या पायथ्याशी राहत होती, ते एके काळी आग ओकत होते, हे त्याने १७५२ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले. गंमत म्हणजे, बसाल्ट हा लाव्ह्यापासूनच बनणारा काळा खडक मात्र पाण्यातून तयार होतो असे हाच गेतार पुढे म्हणाला!

दगडातली भोके वायूच्या बुडबुड्यांची असतात. लाव्हा लवकर थिजला की बुडबुडे आत अडकतात आणि स्फटिकांनाही वाढायला वेळ मिळत नाही, म्हणून दगड बारीक कणांचा होतो. सोबत राखेचे घट्ट झालेले थर आणि हवेत उडून पडलेले लाव्ह्याचे गोळे सापडले, तर शंका बरीच कमी होते. एव्हरेस्टच्या माथ्यावर यातले काहीच नाही. तिथे आहे चुनखडक आणि त्यात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्री जीवांचे अवशेष. समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ भूखंडांच्या टकरीत वर उचलला गेला, त्याची ही खूण.

दगडाइतकाच महत्त्वाचा थरांचा उतार. ज्वालामुखीचा डोंगर धान्याच्या राशीसारखा वरून ओतला जाऊन वाढतो. त्यामुळे लाव्हा आणि राखेचे थर मध्यापासून बाहेरच्या दिशेला, सगळीकडे उतरत जातात. वलीपर्वतात, म्हणजे भूकवचाला घड्या पडून उभ्या राहिलेल्या डोंगरात, थर दुमडलेले, उभे झालेले, कधी उलटेही झालेले असतात आणि शिखराच्या आकाराशी त्यांचा काही मेळ नसतो. माथ्याजवळच्या खोलगट जागेचा पुरावा मात्र जपून वापरावा. हिमनदीही डोंगरात वाटीसारखा खळगा कोरते आणि लांबून तो विवरासारखा दिसतो.

तरीही काही डोंगर चकवतातच. दक्षिण अमेरिकेतला ६,९६१ मीटर उंच अकोन्काग्वा घ्या. त्याच्या वरच्या भागात ज्वालामुखीतून आलेले खडक आहेत, म्हणून त्याला ज्वालामुखी समजण्याचा मोह होतो. पण तिथला उद्रेक थांबून लाखो वर्षे झाली आहेत आणि आजची उंची त्याला लाव्ह्याने नव्हे, तर भूकवचाच्या दाबाने मिळाली आहे. जगातल्या सर्वांत उंच ज्वालामुखीचा मान ६,८९३ मीटरच्या ओहोस देल सालादोकडे जातो.

इतके करून डोंगर ज्वालामुखी ठरला, तरी तो मृत आहे हे कसे ठरवायचे? माझ्या मते अवघड भाग हाच. गेल्या सुमारे ११,७०० वर्षांत उद्रेक झालेला असेल, तर त्याला मृत म्हणत नाहीत, हा एक ढोबळ दंडक. पण तोही पुरेसा नाही. काही ज्वालामुखी त्याहून अधिक काळ गप्प राहू शकतात. म्हणून खडकांचे वय मोजतात, जमिनीखालचे बारीक हादरे नोंदवतात, खाली शिलारस उरला आहे का ते तपासतात. किलिमांजारोच्या तीन शंकूंपैकी मावेन्झी आणि शिरा मृत मानले जातात, पण किबोच्या विवरातून अजून गंधकाच्या वाफा येतात, म्हणून तो नुसता निद्रिस्त.

पापुआ न्यू गिनीतला माउंट लॅमिंग्टन तर ज्वालामुखी आहे हेच कुणाला माहीत नव्हते. जंगलाने झाकलेला एक डोंगर, एवढीच त्याची ओळख. जानेवारी १९५१ मध्ये त्याचा उद्रेक झाला आणि सुमारे ३,००० माणसे मरण पावली.