पार्श्वभूमी: बिलफिशचा गळ आणि हिसका देण्याची सवय

सेलफिश आणि मार्लिन हे बिलफिश, म्हणजे भाल्यासारखी लांब चोच असलेले समुद्री मासे. ते बऱ्याचदा आधी चोचीने आमिषाला फटका मारतात, मग वळून ते तोंडात घेतात. फटक्याच्या वेळी दोर ताठ असला तर आमिष पुढे पळते आणि मासा नाद सोडतो. म्हणून फ्लोरिडात विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ढील देणे रुजले. नंतर आउटरिगर आले, म्हणजे बोटीच्या बाजूंना बाहेर काढलेले लांब दांडे, ज्यांवर दोर क्लिपने अडकवतात. क्लिपमधून दोर सुटला की थोडी ढील आपोआप मिळू लागली.

गळ तेव्हा जे-हुक, म्हणजे इंग्रजी J च्या आकाराचा. ढील द्यायची, आकडे मोजायचे आणि जोरात हिसका मारायचा. मोजणी लांबली की गळ घशात किंवा पोटात रुतायचा. मासा किनाऱ्यावर आणायचा असे तोवर याची फिकीर नव्हती. खूण लावून सोडून देण्याचा रिवाज पडला तेव्हा हाच दोष जिवावर उठला. ग्वाटेमालाच्या इस्टापाजवळ सेलफिशवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जे-हुकने ४६ टक्के मासे घशात-पोटात अडकले, तर टोक आत वळलेल्या सर्कल हुकने अवघे २ टक्के.

घोळ आहे तो ‘सर्कल हुक’ या शब्दाचाच. गळाचे टोक त्याच्या दांड्याकडे, म्हणजे सरळ भागाकडे, काटकोनात वळलेले हवे, हे सगळे मानतात. पण टोक दांड्याच्या सरळ रेषेतून बाजूला कलवले, तरी पाकिटावर नाव तेच. त्याच अभ्यासात सुमारे १५ अंश कललेले हुक जे-हुकइतकेच खोल रुतले. हुक टेबलावर आडवा ठेवून पाहा: टोक वर उचललेले दिसले तर तो बिलफिशसाठी नको.

अमेरिकेने अटलांटिकमधल्या बिलफिश स्पर्धांत नैसर्गिक आमिषाला न कललेला सर्कल हुक सक्तीचा केला. नियम २००७ मध्ये लागू झाला, त्याच वर्षी स्थगित झाला आणि २००८ पासून कायम झाला. निव्वळ कृत्रिम आमिषाला जे-हुकची मुभा राहिली. बॅलीहूवर (आमिष म्हणून वापरतात त्या लहान माशावर) रंगीत झालर चढवली की मात्र ते नैसर्गिकच धरले गेले. यावर कुरकुर फार झाली, पण झालर असली तरी मासा गिळतो बॅलीहूच, त्यामुळे नियम योग्यच होता.

खरी अडचण हातांच्या सवयीची होती. सर्कल हुकला हिसका दिला तर तो रुतण्याआधीच तोंडाबाहेर येतो. रील मोकळे सोडून स्पूलवर, म्हणजे दोराच्या रिळावर, अंगठा अलगद ठेवायचा: दाब जास्त झाला तर मासा आमिष टाकतो, कमी झाला तर दोराचा गुंता. रॉडचे टोक माशाकडे, तीन ते पाच आकडे मोजायचे, मग ड्रॅगचा (रीलच्या ब्रेकचा) दांडा सावकाश पुढे सरकवत नुसते गुंडाळायचे. मासा पाठ फिरवतो तसा हुक जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत घसरत येतो आणि तिथे वळून रुततो. दोर जड झाल्यावरच रॉड उचलायचा.

आमिषाची बांधणीही बदलावी लागली. जे-हुक बॅलीहूच्या पोटात लपवत. सर्कल हुक तसा लपवला तर टोक आमिषाच्या मांसातच अडकून बसते. म्हणून तो डोक्यावर, रबरी कडीत किंवा मेणदोऱ्याच्या फासात अडकवतात, टोक पूर्ण उघडे ठेवून.