४४.१ की ४८? ट्रॅक पाठवण्याआधी सॅम्पल रेटबद्दल थोडंसं

नवं प्रोजेक्ट उघडलं की सॉफ्टवेअर विचारतं: ४४.१, ४८ की ९६ किलोहर्ट्झ? सेकंदाला आवाजाची किती हजार मोजमापं घ्यायची, तो हा आकडा, म्हणजेच सॅम्पल रेट. एकदा ठरवला की गाणं पूर्ण होईपर्यंत तोच ठेवा, ही तुमचे ट्रॅक घेऊन पुढचं काम करणाऱ्या आमची पहिली विनंती.

गाणं व्हिडिओसाठी, शॉर्टफिल्मसाठी किंवा यूट्यूबसाठी असेल तर ४८. फक्त सीडी काढायची असेल तर ४४.१. (हा विचित्र आकडा व्हिडिओ टेपमुळे आला. सुरुवातीला डिजिटल आवाज टेपवरच्या चित्राच्या ओळींत साठवत: ओळीला ३ मोजमापं, २४५ ओळी, सेकंदाला ६० वेळा. गुणाकार करून पाहा.) काहीच ठरलं नसेल तर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट (प्रत्येक मोजमाप किती बारकाईने नोंदवायचं, तो आकडा) ठेवा.

९६ घेतलं तर आवाज जास्त चांगला येईल का, असं अनेक जण विचारतात. सॅम्पल रेटच्या निम्म्यापर्यंतची कंपनं फाइलमध्ये उतरतात आणि माणसाच्या कानाची मजल साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंत. म्हणजे ४४.१ लाही २२.०५ पर्यंत जागा आहेच. रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद केलात आणि तबल्यावरचा माइक दोन बोटं सरकवून पाहिलात, तर त्याने जास्त फरक पडेल. आवाज खूप संथ करून वापरायचा असेल तर ९६ घ्या. एरवी फाइल मात्र दुप्पट होते. २४ बिट स्टिरिओ ४८ ला मिनिटाला सुमारे १७ एमबी, ९६ ला ३५.

खरा घोटाळा होतो तो आकडे न जुळल्याने. ४४.१ ची फाइल रूपांतर न करता ४८ वर वाजली, तर चार मिनिटांचं गाणं ३ मिनिटं ४० सेकंदांत संपतं आणि काळी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधोमध जाऊन बसतं. त्यावर पेटी वाजवायला बसलेल्या माणसाला पट्टीच सापडत नाही. आवाज चढलेला, घाईत वाटला, तर आधी फाइलचा रेट पाहा.

रूपांतर म्हणजे नुसती मोजमापं गाळणं नव्हे. ४८ आणि ४४.१ चं प्रमाण १६०:१४७, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक बिंदू नव्याने काढावा लागतो. शिवाय रेट उतरवण्याआधी नव्या रेटच्या निम्म्याहून वरची कंपनं फिल्टरने काढावी लागतात. ९६ च्या फाइलमध्ये ३० किलोहर्ट्झचं, कानाला न जाणवणारं काही असेल आणि ते तसंच ४४.१ ला आणलं, तर ते १४.१ किलोहर्ट्झवर उमटतं. तो सूर कुणी वाजवलेलाच नसतो, पण ऐकू येतो. आजचे चांगले कन्व्हर्टर ही काळजी घेतात. तरी रूपांतर एकदाच आणि शेवटच्या टप्प्यात व्हावं. आम्ही आधी रेट बदलतो, मग लिमिटर (आवाज ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ न देणारं साधन) लावतो, कारण रूपांतरात आवाजाची शिखरं थोडी वर सरकू शकतात. १६ बिट हवं असेल तर डिदर (बिट कमी करताना येणारा दोष झाकायला मिसळलेली अगदी हलकी खरखर) सगळ्यांत शेवटी.

४४.१ चं ९६ करून पाठवू नका, त्याने नवं काही मिळत नाही. एमपीथ्री करताना आवाजातला जो भाग गाळला जातो, तो तिची वेव्ह (काही न गाळलेली फाइल) केली तरी परत येत नाही. ज्या रेटवर गायलात, वाजवलंत, त्याच रेटच्या मूळ वेव्ह फाइल द्या, सगळे ट्रॅक एकाच बिंदूपासून सुरू होतील असे एक्सपोर्ट करा, आणि फोल्डरच्या नावात रेट व बिट लिहा. व्हॉट्सॲपवर पाठवायचंच झालं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.