इंडोनेशियाच्या कोळसा निर्यातीची खर्च-स्पर्धाक्षमता

खाणीतून काढलेला कोळसा परदेशी ग्राहकाच्या बंदरात पोहोचेपर्यंत येणाऱ्या खर्चात इतर देशांपुढे टिकून राहणे, म्हणजे कोळसा निर्यातीची स्पर्धाक्षमता. औष्णिक, म्हणजे वीजकेंद्रांत जाळायच्या कोळशाच्या निर्यातीत इंडोनेशिया जगात पहिला आहे. २०२३ मध्ये त्याची निर्यात ५० कोटी टनांच्या वर गेली.

या स्वस्ताईचे मूळ कालिमांतानच्या, म्हणजे बोर्नियो बेटावरच्या इंडोनेशियाच्या भागाच्या, भूगोलात आहे. पूर्व आणि दक्षिण कालिमांतानमध्ये कोळशाचे थर जाड असून जमिनीच्या वरच्या भागात सापडतात, त्यामुळे खुल्या खाणी परवडतात. पुढचे काम नद्या करतात. डंपर कोळसा नदीकाठच्या धक्क्यावर आणतात, तिथून सरकत्या पट्ट्यावरून तो बार्जमध्ये, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नावेत, पडतो आणि टगबोट बार्ज ओढत महाकाम किंवा बारितो नदीतून मुखाकडे नेते. एका मोठ्या बार्जमध्ये सुमारे ८,००० टन माल मावतो. खुल्या समुद्रात नांगरलेल्या जहाजावर तरंगत्या क्रेन तो चढवतात. म्हणजे लांबलचक रेल्वेमार्ग नको आणि बहुतेक ठिकाणी खोल पाण्याचे बंदरही नको. ऑस्ट्रेलियाच्या न्यूकॅसलला कोळसा आणायला हंटर खोऱ्यातून मालगाड्या धावतात, तो खर्च इथे वाचतो. मात्र पाऊस लांबला आणि नदीचे पात्र उतरले, की बार्ज अडकतात. डंपर, उत्खनक आणि टगबोटी डिझेलवर चालत असल्याने तेलाच्या भाववाढीचा फटकाही लगेच बसतो. उथळ थर संपत गेले, की एक टन कोळशामागे उपसावी लागणारी माती वाढते आणि खर्च चढतो.

टनाचा भाव पाहून या कोळशाला स्वस्त म्हणणे फसवे आहे. त्यातला बराचसा कोळसा किलोमागे सुमारे ४,२०० किलोकॅलरी उष्णता देतो, तर न्यूकॅसलचा प्रमाण दर्जा ६,००० चा आहे. ऑस्ट्रेलियाच्या १० टनांइतकी उष्णता मिळवायला इंडोनेशियाचा १४ टनांहून अधिक कोळसा जहाजाने आणावा लागतो. ओलावाही जास्त, आणि साठा नीट दाबून ठेवला नाही तर ढीग आपोआप पेटू शकतो. भारताच्या बाबतीत जवळच्या अंतरामुळे यातली बरीच तूट भरून निघते. काही खाणींतल्या कोळशात राख आणि गंधकही फार कमी असते.

टनाच्या भावात न दिसणारा आणखी एक खर्च पूर्व कालिमांतानची राजधानी समारिंदाच्या परिसरातले लोक सोसतात. तिथे खाणी बंद झाल्यावर न बुजवलेल्या खड्ड्यांत पाणी साचले आणि त्यांत मुले बुडून मेली. खड्डे बुजवण्याचा पैसा भावात धरल्याशिवाय या कोळशाची खरी किंमत कळणार नाही.

सरकारी नियमही पारडे फिरवतात. खाणमालकांना उत्पादनाचा एक-चतुर्थांश हिस्सा देशांतर्गत विक्रीसाठी राखावा लागतो, आणि २०१८ पासून वीजकेंद्रांसाठी टनाला ७० डॉलर ही भावमर्यादा आहे. देशातल्या वीजकेंद्रांचे साठे आटले म्हणून जानेवारी २०२२ मध्ये निर्यातच थांबवण्यात आली.

अशा नियमांची झळ महाराष्ट्राला वीज देणाऱ्या प्रकल्पालाही लागली. गुजरातमधल्या मुंद्रा येथील, आयात कोळशावर चालणाऱ्या ४,००० मेगावॉट प्रकल्पाची वीज महाराष्ट्रासह पाच राज्यांना द्यायची होती, आणि टाटा पॉवरने त्यासाठी युनिटला सुमारे २.२६ रुपये दर लावून बोली जिंकली होती. २००७ मध्ये कंपनीने इंडोनेशियातल्या दोन मोठ्या खाण कंपन्यांत ३० टक्के हिस्साही घेतला. पण २०१० मध्ये इंडोनेशियाने सरकारी आधारभूत भावाखाली कोळसा विकायला बंदी केली आणि हिशेब कोलमडला. परदेशातल्या कायद्यामुळे झालेली भाववाढ ही करारातली ‘अपरिहार्य आपत्ती’ ठरत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये दिला. वाढीव भाव या कारणाखाली राज्यांच्या माथी मारता आला नाही.