‘डिलीट’ शोधणाऱ्याला ‘आरएम’ कशी सापडावी?

मराठी पुस्तकात सुरुवातीला अनुक्रमणिका असते आणि शेवटी सूची. अनुक्रमणिका लेखकाच्या क्रमाने चालते, सूची वाचकाच्या गरजेने. सॉफ्टवेअरचं मॅन्युअल तर कोणी पहिल्या पानापासून वाचत नाही. काहीतरी अडलं की माणूस ते उघडतो, तेही शेवटाकडून. त्यामुळे सूचीत कोणते शब्द घ्यायचे हा प्रश्न मॅन्युअलइतकाच जुना आहे, आणि तो यंत्रावर सोपवून बघण्याचे प्रयत्नही तेवढेच जुने.

1958च्या सुमारास आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी संगणकाकडून सूची करून घेण्याची एक रीत काढली. शीर्षकातला एकेक शब्द आळीपाळीने पुढे आणायचा आणि सगळ्या ओळी वर्णानुक्रमे लावायच्या. ‘द’, ‘ऑफ’ असले शब्द गाळायचे, बाकी सगळे ठेवायचे. हीच फिरती सूची पुढे बेल लॅब्जच्या युनिक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीच्या मॅन्युअलमध्ये आली. त्या मॅन्युअलची पहिली आवृत्ती 1971ची. मी इथे बोलतोय ते 1979च्या सातव्या आवृत्तीबद्दल.

तिच्यात प्रत्येक कमांडच्या पानावर सर्वांत वर नाव आणि एका ओळीचं वर्णन असतं. सूची बनते ती या एका ओळीतून. फाइल काढून टाकणाऱ्या ‘आरएम’ या कमांडच्या वर्णनात ‘रिमूव्ह’, ‘अनलिंक’ आणि ‘फाइल्स’ एवढेच शब्द आहेत. ‘डिलीट’खाली शोधणाऱ्याला ही ओळ सापडणार नाही. फाइलमधला मजकूर शोधणाऱ्या ‘ग्रेप’ या कमांडचं वर्णन ‘सर्च अ फाइल फॉर अ पॅटर्न’ असं आहे, म्हणून ती ‘सर्च’खाली मिळते. ‘फाइंड’खाली पाहिलं तर त्याच नावाची दुसरीच कमांड हाती लागते, जी फाइलमधला मजकूर नव्हे तर फाइलच शोधते. म्हणजे निवड यंत्राने केलीच नव्हती. ती केली वर्णनाची ओळ लिहिणाऱ्याने, आणि बहुतेकदा सूचीचा विचार मनात न आणता. आजही युनिक्सच्याच धाटणीच्या लिनक्सवर ‘मॅन’ या मॅन्युअल दाखवणाऱ्या कमांडने एखाद्या विषयाचं पान शोधताना हीच ओळ चाळली जाते.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांनी वेगळी वाट धरली. 1984च्या ‘द टेकबुक’ या, टेक नावाच्या अक्षरजुळणी प्रणालीच्या मॅन्युअलच्या सूचीत व्याख्येच्या पानाचा आकडा अधोरेखित आहे आणि बोधक उदाहरणाच्या पानाचा तिरक्या अक्षरांत. पानं उलटण्याआधीच वाचकाला कळतं, कुठे जायचं ते. माझ्या मते त्यांची खरी करामत हस्तलिखितात आहे. शब्दाआधी टोपीसारखी एक खूण दिली की तो छापलाही जातो आणि सूचीतही जातो. दोन टोप्या दिल्या तर पानावर उमटतच नाही, फक्त सूचीत जातो. पानावर नसलेला शब्दही सूचीत हवा असू शकतो, हे यात गृहीत धरलेलं आहे.

हाच विचार ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या टेक्सइन्फोने, म्हणजे मॅन्युअल लिहिण्याच्या साधनाने, पुढे नेला. त्यात सूची एक नाही, सहा आहेत: संकल्पना, फंक्शन, व्हेरिएबल, की (कीबोर्डवरची कळ), प्रोग्राम आणि डेटा टाइप. कमांडची नावं यांत्रिकपणे गोळा करता येतात. कस लागतो तो संकल्पनांच्या सूचीत. ईमॅक्स हा मजकूर संपादनाचा प्रोग्राम ‘कट’ला ‘किल’ म्हणतो आणि ‘पेस्ट’ला ‘यँक’. नवख्याला ‘किल’ किंवा ‘यँक’ हे शब्द सुचणार नाहीत. म्हणून ईमॅक्सच्या मॅन्युअलमध्ये यँकच्या प्रकरणाला ‘पेस्टिंग’, ‘मूव्हिंग टेक्स्ट’, ‘कॉपिंग टेक्स्ट’ अशाही नोंदी जोडलेल्या आहेत. त्या जोडणाऱ्याने स्वतःची परिभाषा सोडली नाही, पण दार परक्याच्या भाषेत उघडं ठेवलं. मला हे फार मोलाचं वाटतं.

‘पीडीएफमध्ये शोधता येतं, मग सूची कशाला?’ असं हल्ली सर्रास विचारलं जातं. पण शोध लागतो तो पानावर असलेल्या शब्दाचाच. ‘पेस्ट’ हा शब्द पानावर नसेल, तर शोधखिडकी रिकामी परतते. नेहमीचा शब्द शोधला तर उलटंच होतं. ‘फाइल’ दोनशे ठिकाणी सापडते आणि त्यातली व्याख्या कुठली, हे वाचकालाच निवडत बसावं लागतं.

मराठीत तर हा प्रश्न रोज समोर येतो. पडद्यावर ‘हटवा’ किंवा ‘काढून टाका’ लिहिलेलं असतं, आणि आपण म्हणतो ‘डिलीट केली’, ‘उडवली’, ‘पुसली’, ‘चुकून गेली’. मराठी मॅन्युअलची सूची करताना मी ‘उडवणे: हटवणे पाहा’ अशी नोंद घालतो. तपासणारे ती हमखास खोडतात, कारण हा शब्द मजकुरात कुठेच नसतो. मी ती परत घालतो, आणि शेजारी आणखी एक: ‘चुकून गेलेली फाइल: परत मिळवणे पाहा’.